रस्ता ओलांडायला सेकंद किती?

ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या जी-उत्तर विभागाने दादर-माहीम भागातल्या पादचारी सिग्नलांमध्ये एक छोटासा बदल केला. लाल आणि हिरव्या दिव्यांत वर्षानुवर्षे दिसणाऱ्या पुरुषाच्या आकृतीऐवजी तिथे झगा घातलेल्या स्त्रीची आकृती दिसू लागली. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिरापासून माहीमच्या कॉजवेपर्यंत जाणारा स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग, म्हणजे जुन्या दादरकरांचा कॅडल रोड, या बदलासाठी निवडला होता. १२० सिग्नलांवरचे २४० दिवे बदलायचे ठरले होते. भारतात हे प्रथमच घडते आहे म्हणून कौतुक झाले. दादरची बाई झगा घालून भाजी आणायला जाते का, असाही प्रश्न काहींनी विचारला.

त्या प्रश्नात तथ्य आहे, पण आम्हाला त्याहून वेगळी गोष्ट विचारावीशी वाटते. दिव्यातली आकृती काही सेकंद दिसते आणि विझते. ते सेकंद किती असावेत हे कोणीतरी हिशेब करून ठरवलेले असते, आणि त्या हिशेबात चालणाऱ्या माणसाचा एक ठरावीक वेग धरलेला असतो. तो वेग कोणाचा? 'हिरवा दिवा लागल्यावरच रस्ता ओलांडावा' हे वाक्य आपण पहिली-दुसरीपासून मुलांना शिकवतो. तो दिवा कुठून आला आणि त्याने आपल्याविषयी काय गृहीत धरले आहे, हे मात्र सहसा सांगत नाही.

सुरुवात थोडी अनपेक्षित आहे. जगातला पहिला वाहतूक सिग्नल पायी चालणाऱ्यांसाठी उभारला गेला. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनमध्ये, पार्लमेंटच्या इमारतीजवळ, घोडागाड्यांच्या गर्दीतून सभासदांना व इतर लोकांना रस्ता ओलांडता येईना, म्हणून जॉन पीक नाइट या रेल्वेतल्या माणसाने रेल्वेचाच सिग्नल रस्त्यावर आणला. खांबाला वर-खाली होणारे हात होते आणि रात्रीसाठी गॅसचा लाल-हिरवा दिवा. पोलीस शिपाई खाली उभा राहून तो हाताने चालवत असे. हात आडवा झाला की गाड्यांनी थांबायचे आणि पायी चालणाऱ्यांनी पलीकडे जायचे. जानेवारी १८६९ मध्ये गॅस गळून स्फोट झाला, शिपाई जखमी झाला आणि प्रयोग गुंडाळला गेला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लंडनच्या रस्त्यांवर असा दिवा लागला नाही.

या पहिल्या सिग्नलमध्ये हिरव्याचा अर्थ 'जपून' असा होता, 'खुशाल जा' असा नव्हता. त्या काळी रेल्वेत लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सावध आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा अशी पद्धत होती. पांढऱ्यात एक धोका होता. लाल दिव्यापुढची काच फुटून पडली तर आतली ज्योत पांढरीच दिसे आणि चालकाला मार्ग मोकळा वाटे. म्हणून पुढे पांढरा रंग काढून टाकला आणि हिरव्याला बढती मिळाली. विद्यार्थी 'हिरवाच का?' असे विचारतात तेव्हा ही हकीकत सांगण्याजोगी आहे.

सिग्नल पुन्हा आला तो विजेवर, आणि आता तो मोटारींसाठी होता. ऑगस्ट १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात लाल-हिरवे विजेचे दिवे लागले. १९२० च्या सुमारास डेट्रॉइटमध्ये तिसरा, पिवळा दिवा आला. या दिव्यांचे काम एका रस्त्यावरच्या गाड्या थांबवून दुसऱ्या रस्त्यावरच्या सोडणे हे होते. गाड्या थांबल्या की त्या अवधीत पायी चालणाऱ्याने आपले आपण निभावून न्यायचे. ज्याच्यासाठी सिग्नल जन्मला तो पाहुणा झाला आणि गाडी यजमान झाली. आजही चौकातला मोठा दिवा गाड्यांचा असतो आणि चालणाऱ्यांचा छोटा दिवा त्याच खांबाला नंतर जोडल्यासारखा दिसतो.

आता मुंबईकडे येऊ. रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो हे आधी रस्त्याच्या रुंदीवर ठरते, आणि आपल्या रुंद रस्त्यांचा इतिहास मोटारीच्या आधीचा आहे. जुने गिरगाव अरुंद रस्त्यांचे. तिथे माणूस आठ-दहा पावलांत पलीकडे जाई. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोग पसरतो अशी त्या वेळी समजूत होती. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि समुद्रावरचे वारे शहराच्या पोटात शिरावेत म्हणून त्याने वस्तीतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट त्यांतलाच, आणि गिरगाव चौपाटीच्या बाजूने पूर्वेकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हाही त्यांतलाच. त्याच ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या बाजूला नवी वसाहत आखली आणि तिच्यातून 'किंग्जवे' हा प्रशस्त रस्ता नेला. लालबाग-परळकडून येणाऱ्या रस्त्यासह तो आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणून ओळखला जातो. प्लेगचा जंतू पिसवांमार्फत पसरतो हे ज्ञान पुढे पक्के झाले. रस्ते मात्र रुंदच राहिले, ते बरेच झाले. पण हवेसाठी मोकळी ठेवलेली ती जागा हळूहळू गाड्यांनी भरली.

मधल्या काळात त्या रस्त्यांवर ट्राम होती. मुंबईत घोड्यांची ट्राम मे १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची मे १९०७ मध्ये. ट्राम रुळावरून जाई, म्हणून ती कुठून येणार हे लहान मुलालाही ठाऊक असे, आणि तिचा वेगही बेताचा. बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. दादर टी.टी. या नावातला 'ट्राम टर्मिनस' तेवढा उरला. याच पट्ट्यात गिरण्या होत्या. पाळीचा भोंगा झाला की लालबाग-परळच्या रस्त्यांवरून कामगारांचे लोंढे चालत, आणि एवढा घोळका रस्ता ओलांडू लागला की त्याला दिवा लागत नाही, गाड्याच थांबतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि जागी कचेऱ्या, दुकाने, उंच इमारती आल्या. चालणारे कमी झाले नाहीत. ते घोळक्याऐवजी एकेकटे चालू लागले, आणि एकट्या माणसासाठी गाडी थांबत नाही. त्याला दिवा लागतो.

या दिव्यात माणसाची आकृती कशी आली हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत बराच काळ दिव्यांवर 'चाला' आणि 'चालू नका' अशी इंग्रजी अक्षरे असत. ती न वाचता येणाऱ्याचे काय? शिवाय लाल-हिरवा भेद न कळणारे पुरुष काही वंशांत शेकडा आठच्या आसपास असतात. त्यांना नुसता रंग पुरत नाही. पूर्व बर्लिनमधल्या कार्ल पेग्लाऊ या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये यावर तोड काढली. लाल दिव्यात हात आडवे पसरून अडवणारा माणूस आणि हिरव्यात टांगा टाकत निघालेला माणूस, दोघांच्या डोक्यावर टोपी. रंग कळला नाही तरी आकार कळतो, हे त्यामागचे तत्त्व. जर्मनी एक झाल्यावर हा टोपीवाला काढून टाकायचे घाटत होते, लोकांनी आग्रह धरून तो वाचवला. त्याची बहीण, वेण्या घातलेली मुलगी, २००४ मध्ये त्स्विकाऊ शहरात आली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २०१७ मध्ये स्त्री-आकृत्या बसवल्या आणि तिथेही दोन्ही बाजूंनी वाद झाला. दादरचा बदल या मालिकेतला आहे. आम्हाला तो चांगला वाटतो. सार्वजनिक जागेत 'माणूस' म्हटले की पुरुषच का काढावा, हे विचारणे योग्यच आहे.

पण आता सेकंदांकडे वळू, कारण खरा मामला तिथे आहे.

पादचारी सिग्नलचे तीन भाग असतात. स्थिर हिरवी आकृती म्हणजे 'निघा'. लुकलुकणारी हिरवी आकृती म्हणजे 'जे निघाले आहेत त्यांनी पलीकडे पोचावे, नव्याने कोणी निघू नये'. मग लाल. यातल्या दुसऱ्या भागाचा अर्थ बहुतेकांना उलटा वाटतो. दिवा लुकलुकू लागला की पदपथावर उभा असलेला माणूस 'आता पळा' असे समजून उडी घेतो. जिथे उलटे मोजणारे आकडे दिसतात तिथे तरुण मुलांना ती शर्यतच वाटते.

स्थिर हिरव्याचा वेळ साधारण सात सेकंदांच्या आसपास धरतात. थांबलेल्या लोकांनी दिवा पाहून पाऊल टाकावे एवढ्यासाठी तो असतो. लुकलुकण्याचा वेळ मात्र गणिताने काढतात: रस्त्याची रुंदी भागिले चालण्याचा वेग. हा वेग जगात बहुतेक ठिकाणी आणि भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांतही सेकंदाला १.२ मीटर धरला गेला आहे. समजा रस्ता २० मीटर रुंद आहे आणि मध्ये थांबायला जागा नाही. २० ला १.२ ने भागले की १६.७, म्हणजे १७ सेकंद. सुरुवातीचे ७ मिळवले की एकूण २४ सेकंद.

सेकंदाला १.२ मीटर ही धडधाकट प्रौढ माणसाची साधी चाल आहे. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या ६५ वर्षे व त्यांवरील लोकांच्या चालीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. हे सरासरी वेग आहेत. म्हणजे कितीतरी जण याहूनही सावकाश चालतात. आता आपलाच २० मीटरचा रस्ता घ्या. ०.८ च्या वेगाने तो ओलांडायला २५ सेकंद लागतात. आजीबाई दिवा हिरवा होताच पहिल्या क्षणी निघाल्या तरी २४ सेकंद संपतात तेव्हा त्या अजून रस्त्यातच असतात. लुकलुकणे सुरू होण्याच्या शेवटच्या क्षणी निघाल्या, आणि नियमाप्रमाणे तो त्यांचा हक्क आहे, तर १७ सेकंदांत त्या १३.६ मीटर जातात. उरलेले ६.४ मीटर म्हणजे जवळजवळ दोन गाड्यांच्या पट्ट्या. आजीबाईंनी नियम मोडलेला नाही. गणिताने त्यांना मोजलेलेच नाही.

तेव्हा दादरच्या दिव्यातल्या बाईचे वय किती, हे विचारायला हवे. तिच्या हातात भाजीची पिशवी आहे का, कडेवर मूल आहे का, गुडघा दुखतो का? शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्यांकडे पाहिले तर उत्तर सुचेल. अमेरिकेने २००९ च्या आपल्या नियमपुस्तिकेत हा वेग १.२ वरून सुमारे १.०७ मीटरवर आणला. आपल्या २० मीटरच्या रस्त्याला त्यामुळे दोन सेकंद वाढतात. दोन सेकंद फार वाटत नाहीत, पण हा वेग नियमाने नेमलेला असतो आणि बदलता येतो, एवढे त्यावरून कळते.

परळमध्ये हा प्रश्न आणखी तीव्र होतो. के. ई. एम. रुग्णालय १९२६ चे, मुलांचे वाडिया रुग्णालय १९२९ चे, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे. तिन्ही एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत. हातात एक्स-रेचे पाकीट घेऊन, रुग्णाला धरून, गावाहून आलेली माणसे इथे दिवसभर रस्ते ओलांडत असतात. अनेकांनी असा सिग्नल यापूर्वी पाहिलेलाही नसतो. शहराच्या ज्या भागात सर्वांत सावकाश चालणारी माणसे गोळा होतात, तिथल्या दिव्याने धडधाकट माणसाची चाल गृहीत धरणे आम्हाला पटत नाही.

सेकंद वाढवायला अडचण काय? अडचण खरी आहे, ती नाकारू नये. चौकातल्या सर्व दिशांच्या पाळ्या मिळून एक फेरा होतो. तो १२० सेकंदांचा असेल आणि चालणाऱ्यांना त्यातले २४ मिळाले, तर उरलेले ९६ गाड्यांचे. चालणाऱ्यांना आठ सेकंद जादा दिले तर ते कोणाच्या तरी वाट्यातून जातात किंवा फेरा लांबतो. फेरा लांबला की चालणाऱ्यालाही जास्त थांबावे लागते. आणि तिसाहून अधिक सेकंद थांबावे लागले की माणसे दिव्याची वाट न पाहता निघू लागतात, हे वाहतूकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. मुंबईकर बेशिस्त आहे असे म्हणण्याआधी तो किती सेकंद उभा होता हे घड्याळात पाहावे.

शिवाय हिरवी आकृती दिसत असतानाही डावीकडे वळणाऱ्या गाड्या अंगावर येतात, हा सर्वांचाच अनुभव. अनेक ठिकाणी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा त्याच दिशेने जाणाऱ्या गाड्यांच्या हिरव्याबरोबर लागतो, आणि त्यांतल्या वळणाऱ्या गाड्या झेब्रा पट्ट्यांवरूनच जातात. सगळ्या गाड्या एकदम थांबवून चालणाऱ्यांना चारी दिशांनी आणि तिरपेही सोडायचे, हा उपाय हेन्री बार्न्स यांनी १९५१ च्या सुमारास अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये गाजवला. टोकियोच्या शिबुया चौकाची चित्रे विद्यार्थ्यांनी पाहिली असतील, तिथे हेच चालते. दादर स्थानकाबाहेरच्या गर्दीला ही पद्धत मानवेल असे आमचे मत आहे.

आपल्याकडे दुसराच उपाय लोकप्रिय झाला: माणसाला किंवा गाडीला वर उचलणे. २०११ मध्ये लालबागचा उड्डाणपूल खुला झाला आणि गाड्या वर गेल्या. खाली खांबांच्या रांगेतून रस्ता ओलांडणारा माणूस मात्र समोरची गाडी दिसेपर्यंत अंदाजानेच पाऊल टाकतो. पादचारी पूल बांधले तर जिने चढायचे काम ज्याला १.२ चा वेग जमत नाही त्याच्याच वाट्याला येते. आणि पुलालाही रुंदीचे गणित असतेच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. तो रेल्वेचा पूल होता, पण चालणाऱ्यांच्या संख्येचा हिशेब मागे राहिला की काय होते ते तिथे दिसले.

यंत्राला माणसाकडे पाहायला शिकवता येते का? येते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात असे सिग्नल आले की ते रस्त्यावर माणूस अजून आहे का हे संवेदकाने पाहतात आणि तोवर गाड्यांचा लाल दिवा लांबवतात. सिंगापूरने २००९ पासून वृद्ध आणि अपंग नागरिकांसाठी खांबावर कार्ड टेकवण्याची सोय सुरू केली. कार्ड टेकवले की हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद अधिक राहतो. मुंबईला हे तंत्र परके नाही. २०१९-२० मध्ये मुंबई पोलिसांनी हिंदमातासह काही चौकांत ध्वनिमापक जोडून प्रयोग केला होता. थांबलेल्या गाड्यांचे हॉर्न ८५ डेसिबलच्या वर गेले की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. हॉर्न ऐकू शकणारा सिग्नल काठी टेकत चाललेल्या माणसालाही पाहू शकेल.

आठवी ते दहावीच्या वर्गांना यातून एक चांगला प्रकल्प देता येईल. रस्त्याची रुंदी मोजायला टेप घेऊन रस्त्यात उतरण्याची गरज नाही, आणि कोणी उतरूही नये. झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा साधारण अर्धा मीटर रुंद आखतात आणि दोन पट्ट्यांमधली जागाही तेवढीच. म्हणजे पदपथावर उभे राहून पांढरे पट्टे मोजले की जवळजवळ तितके मीटर रुंदी निघते. पट्टे पुसट असतील तर तीही नोंद करावी. मग घड्याळ लावून स्थिर हिरवा, लुकलुकणारा हिरवा आणि लाल, तिन्हींचे सेकंद निदान पाच फेऱ्यांत टिपावेत. गर्दीच्या वेळी आणि दुपारी असे दोनदा टिपले तर फरक कळतो. चौकात जाताना शिक्षक आणि शाळेचे आर. एस. पी. पथक बरोबर असावे.

दुसरा भाग शाळेच्या पटांगणात किंवा चाळीच्या गॅलरीत करता येतो. दहा मीटर अंतर खडूने आखून घरातल्या प्रत्येकाला नेहमीच्या चालीने चालायला सांगावे आणि सेकंद मोजावेत. आजी, आजोबा, गरोदर मावशी, चार वर्षांचा भाऊ, दप्तरासह आपण स्वतः. 'जरा भरभर चाला' असे सांगू नये, नाहीतर आकडे बिघडतात. प्रत्येकाच्या वेगाने आपल्या चौकाची रुंदी भागून लागणारे सेकंद काढावेत आणि दिव्याने दिलेल्या सेकंदांशेजारी लिहावेत. मुंबईत सिग्नल बसवण्याचे व दुरुस्तीचे काम महानगरपालिका पाहते आणि तो चालवण्याचे काम वाहतूक पोलीस करतात. तेव्हा तक्त्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक विभाग कार्यालयाला आणि एक वाहतूक चौकीला. चौकाचे नाव, तारीख, वेळ आणि किती फेऱ्या मोजल्या हे वरच लिहावे.